द स्मिथ्सचे चार अल्बम आणि त्यांच्याबाहेर राहिलेली गाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडने अवघे चार अल्बम काढले असे तुम्ही वाचले. प्रत्यक्षात ॲप उघडल्यावर मात्र त्यांच्या नावावर डझनभर मुखपृष्ठे दिसतात, एकच गाणे चार ठिकाणी सापडते, त्यांपैकी दोन ठिकाणी ते वेगळेच वाजते, आणि ज्या ‘दिस चार्मिंग मॅन’मुळे तुम्हाला हा बँड आवडला, ते गाणे पहिल्या अल्बमच्या एका आवृत्तीत आहे आणि दुसऱ्या आवृत्तीत नाही. तेव्हा नेमके काय ऐकावे, कोणत्या क्रमाने ऐकावे, आणि दोन-तीन एलपी विकत घ्यायच्याच झाल्या तर कोणत्या घ्याव्यात, असे तुम्ही विचारले आहे.

मी व्यवसायाने ध्वनिमुद्रण अभियंता आहे. संग्राहकांकडच्या तबकड्या आणि फिती डिजिटल स्वरूपात आणणे आणि त्यांची नीट सूची तयार करणे, हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचे कमी आणि सूचीकाराचे जास्त असेल. सूचीकाराच्या दृष्टीने तुमची खरी अडचण क्रमाची नाही. अल्बम हे बँडच्या कामाचे मूळ एकक आहे, असे तुम्ही आणि तुमचे ॲप दोघेही गृहीत धरता, आणि द स्मिथ्सच्या बाबतीत तेच गृहीतक चुकते. १९८३ ते १९८७ या काळात त्यांनी सुमारे ७० गाणी मुद्रित केली. मूळ ब्रिटिश चार अल्बमांतील गाण्यांची बेरीज केली तर ती ३९ भरते. उरलेली गाणी सिंगल्सवर, सिंगल्सच्या मागच्या बाजूंवर आणि बीबीसीच्या रेडिओ मुद्रणांत विखुरलेली आहेत, आणि त्यांत बँडची काही उत्कृष्ट गाणी आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. तुम्ही शब्दांसाठी ऐकता की गिटारसाठी, तुमच्याकडे चांगला टर्नटेबल आहे की सगळे ऐकणे हेडफोनवरच होते, आणि तुमची खर्चाची तयारी किती आहे, यानुसार उत्तर बदलेल. प्रत्येक ध्वनिमुद्रण मात्र कधी, कोणत्या स्टुडिओत, कोणाच्या देखरेखीखाली आणि कशासाठी झाले हे पाहावे, ही पद्धत बदलत नाही. गाण्याच्या नावावर आणि मुखपृष्ठावर विसंबणारा माणूस या बँडच्या बाबतीत हमखास गोंधळतो.

हा पसारा का झाला ते समजून घ्या. गायक आणि गीतकार मॉरिसी, गिटारवादक आणि संगीतकार जॉनी मार, बास वाजवणारा अँडी रूर्क आणि ड्रम्सवर माइक जॉयस, असे हे चौघे. यांतील मॉरिसी आणि मार हे दोघेही साठच्या दशकातील सिंगल्सवर वाढलेले श्रोते होते. सात इंचांची तबकडी, तिच्या दोन बाजू आणि तिचे मुखपृष्ठ ही त्यांच्या लेखी स्वयंपूर्ण कलाकृती होती. अल्बमची जाहिरात करण्याचे साधन म्हणून तिच्याकडे पाहणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून सिंगलच्या मागच्या बाजूला उरलेसुरले गाणे टाकण्याची सर्वसाधारण रीत त्यांनी पाळली नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये निघालेल्या ‘विल्यम, इट वॉज रिअली नथिंग’ या सिंगलच्या मागे ‘प्लीज, प्लीज, प्लीज, लेट मी गेट व्हॉट आय वॉन्ट’ होते, आणि त्याच सिंगलच्या बारा इंची आवृत्तीवर त्या दोहोंच्या जोडीला ‘हाउ सून इज नाउ?’ होते. आज बँडची सर्वांत परिचित म्हणून ओळखली जाणारी ही दोन गाणी तेव्हा एका सव्वादोन मिनिटांच्या गाण्याच्या पाठीवर बसून बाजारात आली. रफ ट्रेड ही त्यांची कंपनी लहान आणि स्वतंत्र होती, आणि मे १९८३ मधील ‘हँड इन ग्लोव्ह’पासून १९८७ च्या अखेरीपर्यंत तिने ब्रिटनमध्ये त्यांची १७ सिंगल्स काढली. साडेचार वर्षांत इतकी सिंगल्स आणि चार अल्बम हा वेग लक्षात घेतला, की वेळोवेळी संकलने का काढावी लागली ते कळते.

आता ‘द स्मिथ्स’ याच नावाच्या पहिल्या अल्बमकडे येऊ, कारण तुमच्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. १९८३ च्या उन्हाळ्यात ट्रॉय टेट या निर्मात्यासोबत अल्बम मुद्रित झाला होता, पण तो निकाल बँडला आणि कंपनीला पसंत पडला नाही. मग जॉन पोर्टर यांच्याकडे काम आले आणि अल्बम जवळजवळ नव्याने मुद्रित करण्यात आला. तो फेब्रुवारी १९८४ मध्ये निघाला आणि विक्रीच्या ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. गाणी उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. माझ्या कानाला मात्र त्याचा आवाज दबलेला वाटतो. ड्रम्स मागे ढकललेले आहेत, गिटारवर एक प्रकारची साय धरली आहे, आणि पुन्हा पुन्हा वाजवून थकलेल्या माणसांची काळजीपूर्वक सफाई त्यात ऐकू येते. नव्या श्रोत्याला मी हा अल्बम पहिल्यांदा कधीच देत नाही.

त्याऐवजी मी नोव्हेंबर १९८४ मधले ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ देतो. कागदोपत्री ते संकलन आहे आणि तेव्हा ते मुद्दाम कमी किमतीत विकले गेले. त्यातील १६ गाण्यांपैकी १० गाणी बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील आणि डेव्हिड जेन्सन यांच्या कार्यक्रमांसाठी १९८३ मध्ये मुद्रित झालेली आहेत, आणि बाकीची ६ सिंगल्समधून घेतलेली आहेत. इथे रेडिओ मुद्रणांविषयी थोडे सांगायला हवे. त्या काळी ब्रिटनमध्ये वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे बीबीसीला दिवसभरात किती तास तबकड्या वाजवता येतील यावर मर्यादा होती, आणि ती वेळ भरून काढण्यासाठी बँडना स्टुडिओत बोलावून त्यांची गाणी खास मुद्रित करून घेतली जात. सकाळी जायचे, एका दिवसात सहसा चार गाणी वाजवून मिश्रणासह संपवायची आणि घरी जायचे, अशी ती पद्धत होती. दुरुस्त्यांना वेळ नसे. ज्या तरुण बँडची गाणी मैफिलींत तावून सुलाखून निघालेली असत, त्यांच्यासाठी ही घाई वरदान ठरे.

हा फरक स्वतः पडताळून पाहायचा असेल तर तीन गाणी जोडीने ऐका. ‘स्टिल इल’ पहिल्या अल्बमवर सरळ गिटारने सुरू होते. रेडिओच्या मुद्रणात सुरुवातीला माउथ ऑर्गन आहे आणि चाल अधिक मोकळी आहे. ‘रील अराउंड द फाउंटन’ अल्बमवर पियानो आणि ऑर्गनने सजवलेले आहे. रेडिओवर ते फक्त चौघांचे आहे आणि मला ते जास्त खरे वाटते. ‘बॅक टू द ओल्ड हाउस’ सिंगलच्या मागच्या बाजूला संपूर्ण बँडसह आहे, तर ‘हॅटफुल’वर जवळपास फक्त अकूस्टिक गिटार आणि गळा आहे. हे तिसरे उदाहरण ऐकल्यावर, नाव एक असले तरी ही दोन वेगळी कामे आहेत, हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. ‘धिस नाइट हॅज ओपन्ड माय आइज’ या गाण्याची तर बँडने प्रसिद्ध केलेली स्टुडिओ आवृत्तीच नाही. पीलच्या कार्यक्रमासाठी झालेले मुद्रण हेच त्याचे अधिकृत रूप आहे.

तुमच्या ‘दिस चार्मिंग मॅन’चे कोडे याच ठिकाणी सुटते. ऑक्टोबर १९८३ मध्ये ते स्वतंत्र सिंगल म्हणून आले आणि मूळ ब्रिटिश अल्बममध्ये त्याचा समावेश नव्हता. अमेरिकी आवृत्तीत आणि पुढे अनेक सीडींमध्ये ते सहावे गाणे म्हणून मध्येच घालण्यात आले, म्हणजे तबकडीची दुसरी बाजू ज्या ‘स्टिल इल’ने उघडत असे त्याच्या आधी. ‘हॅटफुल ऑफ हॉलो’वर याच नावाचे गाणे आहे खरे, पण ते पीलसाठी केलेले मुद्रण आहे; त्यात सिंगलमधली ती चमकदार, थरावर थर चढवलेली गिटार नाही. परिणामी, ज्याने १९८० च्या दशकातले मूळ ब्रिटिश अल्बम आणि संकलने एलपीच्या स्वरूपात श्रद्धेने जमवली, त्याच्याकडेही बँडच्या सर्वांत प्रसिद्ध सिंगलचे मूळ मुद्रण नसते. तेव्हा पहिला अल्बम घेताना गाणी मोजा. १० असतील तर ती मूळ रचना आहे. ११ असतील तर तुमचे गाणे त्यात आहे. ‘मीट इज मर्डर’च्या बाबतीतही असेच करा: मूळ ब्रिटिश तबकडीवर ९ गाणी आहेत आणि अमेरिकी आवृत्तीत ‘हाउ सून इज नाउ?’ घालून ती १० करण्यात आली.

या ‘हाउ सून इज नाउ?’वर थोडे थांबतो, कारण ध्वनिमुद्रणाचा अभ्यास करणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देतो. १९८४ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये जॉन पोर्टर यांच्यासोबत ते मुद्रित झाले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत थरथरणारा जो गिटारचा आवाज ऐकू येतो, तो असा मिळवला: मारने वाजवलेली गिटार आधी फितीवर घेतली, मग तोच आवाज अनेक फेंडर ट्विन रिव्हर्ब अँप्लिफायर्समधून पुन्हा बाहेर काढला, आणि त्या अँप्लिफायर्सवरील ट्रेमोलोचा, म्हणजे आवाजाची पातळी कमी-जास्त करून तो थरथरवणाऱ्या सोयीचा, वेग पोर्टर आणि मार यांनी हाताने फिरवत गाण्याच्या तालाशी जुळवत ठेवला. ताल सुटला की फीत थांबवायची, मागे घ्यायची आणि पुन्हा तिथून सुरू करायचे. आज संगणकावर हे काम एका कळीने होते, पण यंत्राने जुळवलेली थरथर इतकी जिवंत वाटत नाही, कारण इथे ती तालाच्या अगदी किंचित मागेपुढे होत राहते. पूर्ण गाणे पावणेसात मिनिटांच्या आसपास आहे आणि ‘हॅटफुल’वर ते त्याच लांबीचे आहे. काही संग्रहांवर सिंगलसाठी कापलेली जेमतेम पावणेचार मिनिटांची आवृत्ती असते; ती घेऊ नका, तिच्यात गाण्याला पसरायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या अल्बमपासून, म्हणजे फेब्रुवारी १९८५ च्या ‘मीट इज मर्डर’पासून, निर्मितीची सूत्रे बँडने स्वतःकडे घेतली आणि अभियंता म्हणून स्टीफन स्ट्रीट त्यांच्यासोबत आला. हयातीत ब्रिटिश यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा हा एकमेव स्टुडिओ अल्बम. रूर्कसाठी तो ऐकावा, असे मी सुचवीन. ‘बार्बारिझम बिगिन्स ॲट होम’ हे जवळपास सात मिनिटांचे गाणे बासच्या जोरावर उभे आहे, आणि या बँडकडे केवळ उदास शब्दांचा बँड म्हणून पाहणाऱ्यांना ते ऐकवले की ते गप्प होतात. ‘दॅट जोक इजन्ट फनी एनीमोअर’ अल्बमवर एकदा विरून जाते आणि पुन्हा वर येते. सिंगलवर हा शेवट कापला गेला आणि गाण्याचे नुकसान झाले.

‘द क्वीन इज डेड’बद्दल इतके लिहिले गेले आहे की मी फक्त मुद्रणाच्या अंगाने बोलतो. १९८५ च्या हिवाळ्यात मुख्यतः सरी परगण्यातील जेकब्ज स्टुडिओत त्याचे काम झाले. कंपनी सोडण्याच्या बँडच्या हालचालींमुळे रफ ट्रेडने कायदेशीर मनाई आणली आणि तयार झालेला अल्बम जून १९८६ पर्यंत अडकून पडला. ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’मधील तंतुवाद्ये खरी नाहीत, मारने ती इम्युलेटर या सँपलरवर, म्हणजे साठवलेले आवाज कळफलकावरून वाजवणाऱ्या यंत्रावर, वाजवली आणि श्रेयनामावलीत त्यांना एका काल्पनिक वाद्यवृंदाचे नाव देण्यात आले. ‘बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन’मधील बाईचा आवाज हा मॉरिसीचाच, पट्टी चढवलेला आवाज आहे आणि त्यालाही तिथे एका काल्पनिक बाईचे नाव आहे. साधने मर्यादित असताना कल्पकतेने कसे काम करावे याचा हा नमुना आहे. शिवाय हा अल्बम सुमारे ३७ मिनिटांचा असून त्याच्या दोन बाजूंची रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. पहिली बाजू ‘सेमेट्री गेट्स’च्या हलक्या चालीवर संपते आणि दुसरी ‘बिगमाउथ’च्या झपाट्याने उघडते. एलपी म्हणून एकच विकत घ्यायची असेल तर हीच घ्या.

त्यानंतरचे वर्ष पुन्हा सिंगल्सचे होते. ‘पॅनिक’, ‘आस्क’, ‘शॉपलिफ्टर्स ऑफ द वर्ल्ड युनाइट’ आणि ‘शीला टेक अ बाउ’ ही चारही गाणी कोणत्याही स्टुडिओ अल्बमवर नाहीत, आणि त्यांच्या मागच्या बाजूंवरची ‘हाफ अ पर्सन’ आणि ‘लंडन’ हीसुद्धा नाहीत. ती गोळा करण्यासाठी १९८७ च्या सुरुवातीला, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन संकलने निघाली: ब्रिटनसाठी ‘द वर्ल्ड वोन्ट लिसन’ आणि अमेरिकेसाठी ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’. दुसऱ्याच्या आयात प्रती ब्रिटनमध्ये विकल्या जाऊ लागल्या तेव्हा ते तिथेही अधिकृतपणे काढावे लागले. यांतले कोणते घ्यावे हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो.

‘लाउडर दॅन बॉम्ब्स’मध्ये २४ गाणी आहेत. त्यांपैकी १२ गाणी ‘द वर्ल्ड वोन्ट लिसन’मध्येही आहेत, फक्त ‘स्ट्रेच आउट अँड वेट’चे गायन दोहोंत वेगळे आहे. आणखी ६ मुद्रणे ‘हॅटफुल’वर येऊन गेलेली आहेत. शुद्ध भर पडते ती उरलेल्या ६ ची, ज्यात ‘शीला टेक अ बाउ’ आहे आणि डिसेंबर १९८६ मध्ये पीलसाठी मुद्रित झालेली ‘इज इट रिअली सो स्ट्रेंज?’ आणि ‘स्वीट अँड टेंडर हूलिगन’ ही दोन गाणी आहेत. उलट दिशेने पाहिले, तर ज्याच्याकडे चारही स्टुडिओ अल्बम आणि ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’ आहेत त्याला ‘द वर्ल्ड वोन्ट लिसन’ घेऊन ‘स्ट्रेच आउट अँड वेट’चे ते वेगळे गायन, ‘दॅट जोक’ची कापलेली आवृत्ती, ‘द बॉय विथ द थॉर्न इन हिज साइड’चे सिंगलसाठीचे मिश्रण आणि काही आवृत्त्यांवर ‘मनी चेंजेस एव्हरीथिंग’ हे वाद्यसंगीत, एवढेच नवे मिळते. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’ घ्या. एक गोष्ट मात्र दोन्ही संकलनांत हरवते. बारा इंची सिंगलवर ‘रबर रिंग’ आणि ‘अस्लीप’ ही गाणी एकातून दुसऱ्यात वाहत जात असत. संकलनांत ती वेगळी करून लांब लांब ठेवली गेली. ॲपवर निदान ती लागोपाठ लावून ऐका, जोड मिळणार नाही पण क्रम तरी मिळेल.

शेवटचा अल्बम ‘स्ट्रेंजवेज, हिअर वी कम’ सप्टेंबर १९८७ मध्ये आला, तेव्हा मार बँड सोडून गेलेला होता आणि त्याचे वय २३ होते. मॉरिसी आणि मार या दोघांनीही पुढे हाच आपला सर्वोत्तम अल्बम असल्याचे सांगितले आहे. मी तितका पुढे जाणार नाही, पण बाथजवळच्या वूल हॉल स्टुडिओत झालेले हे मुद्रण तांत्रिकदृष्ट्या त्यांचे सर्वांत मोकळे आणि प्रशस्त काम आहे, आणि गिटारसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बँडने त्याची सुरुवातच गिटार नसलेल्या गाण्याने केली आहे. याच अल्बमवर ‘पेंट अ व्हल्गर पिक्चर’ नावाचे गाणे आहे, ज्यात दिवंगत कलाकाराची जुनी गाणी नव्या वेष्टनात पुन्हा पुन्हा विकणाऱ्या कंपन्यांची खिल्ली उडवलेली आहे. रफ ट्रेडचा डोलारा १९९१ मध्ये कोसळला, पुढच्या वर्षी सर्व हक्क वॉर्नरकडे गेले आणि तेव्हापासून द स्मिथ्सची जी संकलने निघत आली ती पाहिली, म्हणजे हे गाणे आगाऊ लिहिलेल्या तक्रारअर्जासारखे वाटते. १९९२ चे दोन ‘बेस्ट’ भाग आणि २००१ चे ‘व्हेरी बेस्ट’ तुम्ही खुशाल वगळा. १९९५ चे ‘सिंगल्स’ मात्र वगळू नका; त्यात सर्व सिंगल्स प्रकाशनाच्या क्रमाने आहेत आणि मूळ ‘दिस चार्मिंग मॅन’ही आहे.

२०११ मध्ये निघालेल्या ‘कम्प्लीट’ या आठ अल्बमांच्या संचाच्या नावावर जाऊ नका. तो देखणा आहे, पण पूर्ण नाही. ‘दिस चार्मिंग मॅन’च्या मागच्या बाजूंवरची ‘जीन’ आणि ‘वंडरफुल वुमन’, तसेच ‘गर्लफ्रेंड इन अ कोमा’च्या मागे असलेली ‘वर्क इज अ फोर-लेटर वर्ड’ आणि ‘आय कीप माइन हिडन’ ही गाणी त्यात नाहीत. यांतले शेवटचे गाणे बँडने एकत्र मुद्रित केलेले अखेरचे गाणे आहे, तर ‘जीन’ हे ट्रॉय टेटच्या त्या नाकारलेल्या मुद्रणांपैकी बँडच्या हयातीत बाहेर आलेल्या मोजक्या अवशेषांतले एक. ‘जीन’ आणि ‘वंडरफुल वुमन’ २००८ च्या ‘द साउंड ऑफ द स्मिथ्स’च्या दोन सीडींच्या आवृत्तीत मिळतात. उरलेल्या दोन गाण्यांसाठी जुनी सिंगल्सच शोधावी लागतात.

आता एलपी की सीडी, या तुमच्या व्यवहारातल्या प्रश्नाकडे. याचे उत्तर आवडीवर सोडून देण्याची पद्धत आहे, पण थोडे भौतिकशास्त्रही आहे. एलपीच्या एका बाजूवर जितकी मिनिटे जास्त, तितके खोबणीचे वळसे जवळ आणावे लागतात, म्हणून आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही आवरते घ्यावे लागतात. शिवाय सुई तबकडीच्या मध्याकडे जाते तशी तिच्याखालून सरकणारी खोबण हळू होते आणि तिथे तीव्र स्वर फाटण्याचा संभव वाढतो. ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ ५६ मिनिटांचे आहे, म्हणजे एकाच तबकडीच्या प्रत्येक बाजूला जवळपास २८ मिनिटे आली. त्यामुळे माझे सर्वांत आवडते हे संकलन मी एलपीवर घ्यायला कोणालाही सांगत नाही; ते सीडीवर किंवा डिजिटल स्वरूपात घ्यावे. ‘द क्वीन इज डेड’ आणि ‘स्ट्रेंजवेज’ यांच्या बाजू अठरा-एकोणीस मिनिटांच्या आहेत आणि त्या एलपीवर ऐसपैस बसतात. ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’ दोन तबकड्यांवर असल्यामुळे तेही चालेल. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या बारा इंची सिंगल्स या तबकडीच्या तंत्राने दिलेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींपैकी आहेत. ‘हाउ सून इज नाउ?’ची चांगल्या अवस्थेतली प्रत रास्त किमतीत मिळाली तर ती सोडू नये.

रिमास्टरच्या, म्हणजे जुन्या मुद्रणाचा आवाज नव्याने सुधारून काढलेल्या आवृत्तीच्या बाबतीत लोक हातघाईवर येतात. २०११ ची रिमास्टर आवृत्ती मारच्या देखरेखीखाली झाली, आणि माझ्या मते ती चांगली आहे; रूर्कचा बास त्यात अधिक स्पष्ट होतो आणि पहिल्या अल्बमवरची साय थोडी निघते. ऐंशीच्या दशकातल्या सीडींची पातळी कमी आहे, पण ड्रम्सचा आघात त्यांत मोकळा राहतो. तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण एखाद्या डेसिबलने मोठे वाजणारे मुद्रण मानवी कानाला आपोआप चांगले वाटते आणि बहुतेक वादांचे मूळ तेवढ्यातच असते. साध्या हेडफोनवर फोनमधून ऐकणाऱ्याने या फरकासाठी जादा पैसे मोजू नयेत. ‘द क्वीन इज डेड’ची २०१७ ची विस्तारित आवृत्ती मात्र वेगळ्या कारणासाठी ऐकण्यासारखी आहे: तिच्यात शीर्षकगीताची न कापलेली, लांब आवृत्ती आणि गाण्यांचे कच्चे खर्डे आहेत.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा लावतो. आधी ‘सिंगल्स’ एकदा सलग ऐका, म्हणजे पाच वर्षांचा आवाका लक्षात येईल. नंतर ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ आणि लगेच ‘द क्वीन इज डेड’. या दोन्हींनंतर बँड तुमचा आहे की नाही, हे तुम्हाला कळलेले असेल. असेल तर ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’, ‘स्ट्रेंजवेज’ आणि ‘मीट इज मर्डर’ या क्रमाने जा आणि पहिला अल्बम सर्वांत शेवटी ऐका, कारण त्यातील गाणी तोपर्यंत रेडिओच्या मुद्रणांतून तुमच्या परिचयाची झालेली असतील आणि तुम्ही त्याच्या जड आवाजापलीकडे जाऊन ऐकू शकाल. विकत घेण्यासाठी: ‘द क्वीन इज डेड’ आणि ‘स्ट्रेंजवेज’ एलपीवर, तिसरी परवडत असेल तर ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’, आणि ‘हॅटफुल’ सीडीवर.

राहिला ‘रँक’. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडनच्या किलबर्न भागातील नॅशनल बॉलरूममध्ये झालेल्या मैफिलीचे हे मुद्रण बीबीसीने प्रक्षेपणासाठी घेतले होते आणि बँड फुटल्यावर, १९८८ मध्ये ते अल्बम म्हणून निघाले. त्या काळात क्रेग गॅनन हा दुसरा गिटारवादक त्यांच्यासोबत होता, त्यामुळे स्टुडिओत मार एकट्याने थर रचून जे साधत असे त्याचा काही भाग इथे रंगमंचावर प्रत्यक्ष ऐकू येतो, आणि जॉयसचे ड्रम्स कोणत्याही स्टुडिओ अल्बमपेक्षा जास्त आक्रमक आहेत. ‘द क्वीन इज डेड’ तुमच्या कानात पुरते बसल्यावर, आवाज थोडा वाढवून, ते ऐका. एलपी शोधत बसू नका. डिजिटल प्रत पुरेशी आहे.